एका फ्यूजवर अकरा प्लग

तीर्थरूप दादांस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तू, वहिनी आणि भाचरं खुशाल असाल असं धरून चालते, कारण तुझ्या मागच्या पत्रात ‘सर्व ठीक’ यापलीकडे एक अक्षर नव्हतं. (तीर्थरूप लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. मी हे पत्र दवाखान्यात बाबांच्या खाटेजवळ स्टुलावर बसून लिहितेय, आणि पाकिटात घालण्याआधी ते त्यांना वाचून दाखवायचं असा हुकूम आहे. तेव्हा एक लक्षात ठेव. कंसाबाहेरचं जे आहे ते चारचौघांसाठी. कंसातलं फक्त तुझ्यासाठी, ते मी वाचताना गाळणार आहे.) वहिनींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, उगाच जिने चढू नका. धाकट्याचा दात पडला का? थोरलीला सांग, आत्याने तिचा कोट शिवून ठेवलाय, फक्त इस्त्री व्हायची राहिलीय. ती का राहिलीय, ते सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसता ‘हं’ म्हणतोस, बाबा मला खुणेने ‘त्याला काही सांगू नको’ म्हणतात, आणि मी मूर्खासारखी हवापाण्याच्या गप्पा मारत बसते.

बाबांची तब्येत आता पुष्कळ सुधारली आहे, घाबरण्यासारखं काही नाही. त्यांची फुप्फुसं थकली आहेत, एवढंच. डॉक्टरबाई म्हणतात की यापुढे त्यांना झोपताना आणि दुपारचे काही तास ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागेल. यंत्र लहानसं आहे, चाकांवर चालतं, विजेवर चालतं आणि सारखं घुरघुरतं. (बाबांना त्याचा आवाज आवडत नाही. म्हणतात, हे माझ्यापेक्षा जास्त तक्रार करतं.) यंत्र मिळालंय, ते कसं वापरायचं हे मी शिकून घेतलंय, घरात खाटेची जागासुद्धा बदललीय. अडलंय ते एकाच गोष्टीवर. डॉक्टरबाईंचं म्हणणं, ज्या प्लगवर हे यंत्र लागेल त्याची लाइन वेगळी हवी, तिचा फ्यूज वेगळा हवा, आणि तिच्यावर दुसरं काही म्हणजे काही लागता कामा नये. तशी सोय झाली तर बाबा घरी येतील. नाही झाली तर त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात पाठवावं लागेल. (मी ते बघून आले. स्वच्छ आहे, खिडक्या मोठ्या आहेत, माणसं मायाळू आहेत. आणि सगळे म्हातारे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी तिथे बाबांना ठेवणार नाही, मग काय वाटेल ते होवो.)

आता आपल्या घराच्या विजेचं तुला मी काय सांगणार? ते वायरिंग तूच केलेलं. शिकून आल्यावरचं तुझं पहिलंवहिलं काम. दिव्यापंख्यांचा एक फ्यूज आणि घरातले झाडून सगळे अकराच्या अकरा प्लग मिळून दुसरा फ्यूज. काम इतकं नेटकं की इतक्या वर्षांत एक स्क्रू ढिला झालेला नाही. (नेटकं आहे, पण चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे तेव्हाही तुला माहीत होतं. त्यावर पुढे येते, दम धर.) तू गेलास तेव्हा घरात एक इस्त्री आणि एक रेडिओ होता. मग पंप आला, गीझर आला, मिक्सर, कपड्यांचं मशीन, आणि मी शिवणकाम सुरू केल्यावर शिलाई मशीनची मोटर आणि वाफेची मोठी इस्त्री. प्लग तेवढेच राहिले, फ्यूज तोच राहिला. दोन जड वस्तू एकदम लागल्या की फ्यूज गेलाच म्हणून समज. यावर बाबांनी जो तोडगा काढला तो तू कधी पाहिलेला नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांची सगळी नोकरी गोदामात गेली. गोदामात एकाने वस्तूचं नाव पुकारायचं, दुसऱ्याने बघून ‘दिली’ म्हणायचं, त्याशिवाय खिळासुद्धा दाराबाहेर जायचा नाही, आणि परत आली की ‘जमा’ असं ओरडून सांगायचं. निवृत्त झाल्यावर बाबांनी हीच पद्धत घरातल्या विजेला लावली. मी इस्त्री लावण्याआधी शिवणाच्या खोलीतून ‘इस्त्री!’ असं पुकारायचं. बाबा कुठेही असोत, घरात काय काय चालू आहे ते आठवून ‘दिली!’ तरी म्हणणार, नाही तर ‘थांब!’ तरी. काम झालं की मी ‘जमा!’ म्हणायचं. त्यांना आंघोळीला जायचं असलं की ते स्वतःच ‘गीझर!’ पुकारणार आणि मी ‘दिला’ म्हणेपर्यंत टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमच्या दारात उभे राहणार. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गीझरसाठी! आई होती तोवर तीही पुकारायची, पण ती ‘मिक्सर’ म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता लावून मोकळी व्हायची, त्यामुळे तिचं वाटण नेहमी अर्धवट राहायचं. दिवे जात नसत, त्यांचा फ्यूज वेगळा, नुसतं बाकीचं सगळं गप्प व्हायचं. मग बाबा फ्यूजची तार घेऊन मुकाट्याने स्टुलावर चढायचे.

बाहेरच्यांना याचं नवल वाटायचं. एकदा एक वकीलबाई माप बघायला आल्या होत्या. अंगावर अर्धा कोट, चहूबाजूंनी टाचण्या, हात वर. मी सवयीने ‘इस्त्री!’ पुकारलं आणि आतून बाबांचा ‘थांब!’ असा दणदणीत आवाज आला. बाई ज्या थांबल्या त्या थांबल्याच. श्वाससुद्धा घेईनात. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई, पण पंपाची टाकी भरेपर्यंत हात खाली घेतला नाही तिने. (पुन्हा आल्या नाहीत. कोट न्यायला नवऱ्याला पाठवलं.) पण खरं सांगू का, मला या पुकाऱ्याची सवय झाली होती. घरात दोनच माणसं, आणि दिवसभर एकमेकांना कुठे आहोत ते कळत असायचं.

(हे मी वाचून दाखवणार नाही, पण तुला कळायला हवं. बाबा आजारी पडलेत हे मला खोकल्यावरून कळलं नाही, ‘दिली’ उशिरा यायला लागली त्यावरून कळलं. आधी मला वाटलं, विसरतात. मग एका दुपारी मी ‘इस्त्री’ म्हटलं आणि उत्तरच नाही. पुन्हा पुकारलं. तरी नाही. माझा पारा चढला. गिऱ्हाईक दारात, आणि हे रुसून बसलेत असं वाटलं. तणतणत बाहेर आले तर बाबा फ्यूजच्या बोर्डाखाली जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले. तोंडातून आवाज फुटत नव्हता, ओठ निळे पडलेले, आणि हात वर करून मला खुणेने सांगत होते, दिली, दिली. दादा, तो हात मला अजून दिसतो. मी त्यांच्यावर तणतणत आले होते.)

असो. दवाखान्यात बाबा पहिले काही दिवस पडून होते, पण तरतरी आल्याबरोबर त्यांनी वॉर्डातली व्यवस्था पाहिली आणि ती त्यांना पटली नाही. भिंतीला रांगेने प्लग, आणि जो तो येतो आणि न विचारता काहीही लावतो. त्यांनी नर्सला विचारलं, या सगळ्यांचा फ्यूज एकच आहे का? ती बिचारी म्हणाली, माहीत नाही. झालं! त्या क्षणापासून वॉर्डाचा ताबा बाबांकडे गेला. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त शिक्षक मोबाइल लावायच्या आधी ‘मोबाइल!’ असं पुकारतात आणि बाबा नळी सावरत ‘दिला’ म्हणतात. पलीकडचा अपघातात पाय मोडलेला ड्रायव्हर तर ‘जमा’ इतक्या जोरात म्हणतो की खालच्या मजल्यावर कळावं. परवा डॉक्टरबाईंनी तपासणीचं कसलंसं यंत्र लावायला घेतलं तर चार खाटांवरून एकदम ‘थांबा!’ असा गजर झाला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बाबांना विचारलं, घरीसुद्धा असंच चालतं का? बाबांनी मोठ्या अभिमानाने सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आजोबा, तुम्ही यंत्र लावून झोपलेले असाल तेव्हा हिला ‘थांब’ कोण म्हणणार? बाबांनी विचार केला. मग म्हणाले, मग हिने इस्त्री लावू नये. (ऐकलंस? माझ्या पोटापाण्याचा निकाल एका वाक्यात! आणि मी तिथे फळं कापत उभी होते, हातात सुरी होती, तरी शांत राहिले.) डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि वेगळ्या लाइनीची अट घातली ती तेव्हाच.

मी कामाला लागले. म्हटलं, नाहीतरी भिंत फोडायचीच आहे तर सगळंच नीट करून घेऊ, आणि त्यासाठी आधी माहिती काढू की एका लाइनीवर प्लग घ्यावेत तरी किती. तीन जणांना विचारलं, चार उत्तरं आली. वायरमन म्हणाला आठ. मग पंपाचं ऐकून म्हणाला सहा. सामान विकणारा दुकानदार म्हणाला, कितीही घ्या, आपल्याकडे भरपूर आहेत. शेजारचे काका म्हणाले, आमच्या वेळी प्लग मोजायची पद्धतच नव्हती. वायरमन घर बघायला आला तेव्हा त्याने भिंतींवर टकटक केली, प्रत्येक प्लगपुढे उभा राहून ‘इथे काय लावता?’ असं विचारलं आणि प्रत्येक उत्तराला ‘अरे बापरे’ म्हणाला. मुख्य बोर्ड उघडल्यावर मात्र त्याने एकेक स्क्रू हाताने चाचपून पाहिला. म्हणाला, ताई, हे ज्याने केलंय त्याला काम येत होतं, मग त्याने असं का केलं? मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, चहा घेणार का?

बाबांपासून हे लपवणं मला जमलं नाही. (चपलेला भिंतीचा चुना लागला होता. यांची नजर गोदामवाल्याची.) मी सरळ सांगून टाकलं की दोन दिवसांचं काम आहे, वायरमन चांगला आहे. बाबा म्हणाले, बोर्डाला कोणी हात लावायचा नाही. मी समजावलं, विनवलं, डॉक्टरबाईंकडून सांगवून पाहिलं. त्यांचं एकच, हात लावायचा नाही. कारण विचारलं तर तोंडाला कुलूप. शुश्रूषागृहाचं नाव काढलं तर म्हणाले, जाईन. वडिलांची इच्छा आहे, तेव्हा मी तिला मान देते आहे आणि घडलेलं सगळं तुझ्या कानावर घालते आहे.

(मान कसला देतेय, कपाळ माझं! हट्टाला पेटलाय म्हातारा. आता आठव, दादा. तू शिकून आलास, भिंतींवर खडूने रेघा मारल्यास आणि म्हणालास, प्लगच्या चार लाइनी करू. बाबा म्हणाले, चार माणसांच्या घराला चार लाइनी? वीज काय चार गावांहून येणार आहे? तू म्हणालास, आज नाही, पण पुढे लागतील. ते म्हणाले, कालचं पोर मला पुढचं शिकवतंय. शब्दाला शब्द वाढला. तू रेघा पुसल्यास, ते म्हणाले अगदी तस्सं, रागारागाने पण सुबक, एका लाइनीचं काम करून दिलंस आणि लांबच्या कारखान्यातली नोकरी धरलीस. त्यानंतर आईच्या वेळी आलास तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोललात, तर ‘मागच्या दाराची किल्ली कुठे आहे?’ आणि ‘खुंटीला.’ एवढ्या वर्षांत एवढंच. आणि आता स्वतःचा श्वास अडकला तरी, आपलं चुकलं होतं हे म्हणायला नको म्हणून बोर्डाला हात लावू देत नाहीत. माझं डोकं फिरलंय. म्हणून मी ठरवलंय, पुढच्या बुधवारपासून दोन दिवसांत, बाबा इथे खाटेवर असताना, वायरमनला घरी बोलावून सगळं उरकून टाकायचं. घरी आल्यावर ओरडतील, ओरडू देत. ओरडायला श्वास तर असेल. तू फक्त एवढं कळव, भिंतीतल्या वायरींच्या नळ्या कुठून कुठे नेल्या आहेस, म्हणजे उगाच घरभर तोडफोड नको. बाकी तुझ्याकडून मला काही नको. येण्याबिण्याचा त्रास घेऊ नकोस. इतकी वर्षं माझं तुझ्यावाचून अडलेलं नाही.)

वहिनींना नमस्कार, भाचरांना गोड पापा. तब्येतीला जप. राग असेल तर तो माझ्यावर काढ, मला सवय आहे.

तुझी,
ठिणगी

ता. क. बाबांना पत्र वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, पानं तर चांगली जाडजूड भरली आहेत आणि वाचून झालं एवढंसं. उरलेला माल कुठे गेला? मी म्हटलं, अक्षर मोठं आहे. म्हणाले, गोदाम सांभाळलंय मी, वाच. काय करते, वाचलं. कंसांसकट, पहिल्यापासून. ‘म्हातारा’ वाचताना मी जरा पुटपुटले, तर म्हणाले, नीट ऐकू येईल असं वाच. बोर्डाखाली बसलेल्याचं आलं तेव्हा मात्र माझ्याच्याने वाचवेना. त्यांनीच माझ्या हातातून पान घेतलं, चष्मा लावून ते वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, मी ‘दिली’ म्हटलं होतं, तुला ऐकू आलं नाही.

ता. क. दुसरा. बुधवारचा बेत रद्द. मला म्हणाले, वायरमनला नको म्हणून सांग. मी भडकले. वॉर्डात सगळ्यांसमक्ष भडकले, दादा. म्हटलं, तुमचं चुकलं होतं हे एकदा म्हणा आणि मोकळे व्हा, त्यासाठी जीव कसला देताय! ड्रायव्हरने तोंडावर पांघरूण ओढून घेतलं, शिक्षक खिडकीबाहेर बघायला लागले. बाबा यंत्राच्या घुरघुरीत थांबत थांबत म्हणाले, माझं चुकलं हे मला ज्या दिवशी पहिला फ्यूज उडाला त्या दिवशीच कळलं होतं. पोरगा गेल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. मग इतकी वर्षं ते ‘दिली’ आणि ‘जमा’ कशासाठी, असं मी विचारलं. तर म्हणाले, दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेतलं असतं तर त्याला यायला काही कारणच उरलं नसतं. दादा, मी समजत होते की हा माणूस स्वतःचा शब्द राखत बसलाय. तो तुझं काम राखत बसला होता. मला राग येऊ दे की रडू येऊ दे, हे अजून ठरत नाहीये. दोन्ही येतंय. वर मी ‘तुझ्यावाचून अडलेलं नाही’ असं लिहिलंय, ते खोडत नाही, कारण शाई चांगली आहे. पण ते खरं नाही.

ता. क. शेवटचा. हे बाबा सांगतात तसं लिहितेय, माझा एक शब्द नाही. ‘त्याला विचार, हल्ली एका लाइनीवर किती प्लग घेतात. तो सांगेल तेवढेच घ्यायचे.’ मी म्हटलं, आणखी काही लिहू? म्हणाले, नको, समजेल त्याला. मग मी पाकीट चिकटवत होते तर पुन्हा हाक मारली आणि म्हणाले, एवढं घाल, उत्तर पत्राने पाठवायचं नाही.